हेमाचा फंड

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१२ डिसेंबर २०२४

चि. सूर्यकांत यास अनेक आशीर्वाद.

केतकीच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. तुझी लेक गोड दिसते. इथे थंडी आणि धूर दोन्ही आहेत, माझा खोकला हटत नाही. फोनवर तू मध्येच तोडतोस, म्हणून लिहिते आहे.

हेमा जाऊन महिना झाला. आपली सख्खी बहीण सव्वीस वर्षं मनोरुग्णालयात होती, तिला भेटायला तुला सवड झाली नाही. तिच्या नोकरीतला फंड बँकेत पडून आहे, हे मात्र बरं लक्षात राहिलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणतात, ते आपल्याच घरात निघाले.

तू सांगितलंस म्हणून काल मृत्यूचा दाखला आणि पासबुक आणायला गेले. खोटं कशाला बोलू, अर्धे पैसे मलाही हवे होते. बहीण असल्याचा पुरावा म्हणून बाबांचं जुनं रेशनकार्डही नेलं होतं.

रुग्णालयाच्या ऑफिसातल्या बाबूने रजिस्टर उघडलं. "बहन? माताजी, यहाँ तो आप पड़ोसन लिखी हैं. रिश्तेदार कोई नहीं."

ते मीच लिहिलं होतं. तुझ्या लग्नाची बोलणी चालली होती, मुलीकडच्यांना कळू नये म्हणून आपण दोघांनीच ठरवलं होतं. पुढे बदलून घ्यायचं राहून गेलं. हेमालाही मी पढवलं होतं, की इथे ताई म्हणायचं नाही. रविवारी गेले की नर्ससमोर ती मला "शेजारच्या बाई" म्हणायची. सव्वीस वर्षांत एकदाही चुकली नाही. आणि वेडी म्हणे ती!

"एफिडेविट बनवा लो, वारिस का काग़ज़ ले आओ, पैसा मिल जाएगा," बाबू म्हणाला. भला माणूस होता. मला मात्र तिथे उभं राहवेना.

सूर्या, अग्नी मी दिला असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. मला कुणी कळवलंच नाही. शेजारणीला कोण कळवतं? रविवारी डबा घेऊन गेले तर कॉटवर दुसरीच बाई. चार दिवस आधी हेमाला बेवारस म्हणून जाळलं होतं.

प्रतिज्ञापत्र मी करणार नाही. तुला हवं तर ये, भाऊ असल्याचं लिहून दे, सगळे पैसे घेऊन जा. राख तेवढी मागू नकोस. ती कुठे टाकली, ते तिथे कुणालाच सांगता येत नाही.

हेमलताची बहीण,
चंद्रप्रभा