अश्विनीला दिलेला आराखडा

८ सप्टें., सोम.
माझाच आराखडा, आणि नक्कल केली म्हणे मी! अश्विनीने ‘बघून देते की’ म्हणून नेला, त्यावरून निबंध लिहून माझ्याआधी दिला. आज सरांनी दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या. तेच मुद्दे, तोच क्रम. मला वीसपैकी शून्य. अ. खाली मान घालून वही चाळत बसली. दोन वर्षं एका बाकावर बसतो आम्ही. सोडणार नाही तिला. घरी शून्य सांगितलेलं नाही.

९ सप्टें.
नान्ना, म्हणजे माझे वडील, चादरीची नक्षी आलेख कागदावर काढतात. उरलेल्या तुकड्यांवर माझे आराखडे. मोठा मुद्दा भरलेला चौकोन, उपमुद्दा रिकामा. आज सुडाचा केला.
■ नवा प्रकल्प : चादर कशी बनते
□ अ. मागणारच
□ हसत द्यायचा
■ एक चौकोन चुकवायचा
नान्ना म्हणतात, कागदावर एक चौकोन चुकला की प्रत्येक चादरीत तो चुकतो. मी क्रम उलटा टाकला : आधी विणणे, मग सूत रंगवणे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानातली पोरगी, तिला काय कळणार! सोमवारी तिला वर्गापुढे वाचायचंय. हसू दे सगळ्यांना.

११ सप्टें.
“दे की गं, लई अवघड हाय.” दिला. डब्यातली शेंगाचटणीपण दिली. इतकं गोड मी कधीच बोलले नव्हते.

१४ सप्टें., रवि.
क्लासहून आले तर अ. आमच्या घरात! नान्नांसमोर मांडी घालून, हातात माझा कागद. शंका आली म्हणून विचारायला आलेली.
नान्ना तापलेले. “विणून झाल्यावर सूत कसं रंगवणार? कुणी लिहिलं हे? चौकोन तर आमच्या पोरीचे दिसतात.”
अ.ने माझ्याकडे बघितलं.
“मीच लिवलंय, काका. चौकोन तिचं बघून शिकले.”
मग नान्नांनी तिला तासभर शिकवलं. आईने पोहे केले. उद्या वर्ग तीच गाजवणार.
जाताना कागद माझ्या हातात दिला. चूक लाल पेनने सुधारलेली.
रागाने रडले. माझं चांगलं होतं तेही तिचं, वाईट होतं तेही तिचंच!
नवा कागद घेतलाय. वर लिहिलं, ■ अश्विनी. खाली अजून एकही मुद्दा सुचत नाही.