तळमजल्यावरच्या जेठीमा

बागबाजार, कोलकाता
कोजागरीचा दुसरा दिवस

श्रीचरणेषु मेजोमामा,

तुम्हाला आणि मामीला साष्टांग प्रणाम, मुलांना आशीर्वाद. प्रकृती कशी आहे, हे विचारायला मात्र हात अडखळतो. कुणाच्याही प्रकृतीची चौकशी करण्याचा माझा अधिकार या वर्षभरात गेला आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

हे घर भाडेकरणीसकट घ्यायला तुम्हीच सांगितलंत. तळमजल्यावर एकटी म्हातारी आहे, म्हणून तर स्वस्तात मिळतंय. “अरे टुकाई, चौऱ्याऐंशीची आहे, फार तर दोन हिवाळे!” (मी तेव्हा हसलो होतो. केवळ सभ्यपणे, असं रोजनिशीत लिहिलं आहे. पण हसलो होतो.) आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तिच्यासाठीच तळमजला हवा, तो रिकामा होईतो तिने वर राहायचं, असं ठरलं. तेव्हापासून कालपर्यंत आईने अंगणात पाय ठेवला नव्हता. खिडकीतून खालचा प्राजक्त बघत बसायची. आणि खाली कनकलता सान्याल, ज्यांना सगळी गल्ली जेठीमा म्हणते, त्या ठणठणीत. मी रोज उतरताना विचारतो, “तब्येत कशी आहे, जेठीमा?” त्या म्हणतात, “उत्तम! तुझेच डोळे का ओढलेत?” काय ऐकायच्या आशेने विचारतो, ते माझं मलाच कळेनासं झालं आहे. गेल्या हिवाळ्यात त्या खोकल्या, तेव्हा मी धावत औषध आणलं. पण बाटली घेऊन दाराशी क्षणभर थांबलो. तो क्षण कशाचा होता, याचा उलगडा अजून झालेला नाही.

शेवटी तुमच्या वकीलमित्रांनी तळमजला रिकामा करण्याची नोटीस लिहून दिली. काल संध्याकाळी ती द्यायला निघालो. (वाईट बातमी निदान चांगल्या दिवशी द्यावी, हा माझा विवेक.) आमचं दार उघडलं आणि जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही. तांदळाच्या पिठाने काढलेली लक्ष्मीची पावलं, अजून ओली. भाडेकरणीने ती आपल्या दाराकडे न्यावीत की नाही? जेठीमांनी रस्त्यापासून सुरुवात केली होती, स्वतःचं दार बाजूला सोडलं होतं आणि पायरीपायरीवर वाकत, पावलांची जोडी काढत, थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत आणली होती. या वयात! बोट न् बोट वेगळं. मेजोमामा, दार्जिलिंगला बर्फावर ऊन पडताना पाहिलं, तेव्हासुद्धा मी असा थिजलो नव्हतो.

“कोण, टुकाई?” खालून आवाज आला. “आधी घरमालकाकडे जाऊ दे रे लक्ष्मीला, उरलीसुरली माझी. उतर, पण कडेकडेने! पुसलंस तर तुलाच काढायला लावीन.”

मी भिंतीला पाठ लावून, नोटीस दातांत धरून उतरू लागलो. तेवढ्यात जेठीमांनी शंख फुंकला. असा फुंकला की आमची खिडकी थरथरली. (त्या छातीकडून मी दोन हिवाळ्यांची अपेक्षा करत होतो!) आणि मागे काहीतरी घासल्याचा आवाज. बघतो तर आई, पायरीच्या कडेला बसून, सरकत सरकत, एकही पाऊल न पुसता खाली येत होती.

“बाजूला हो,” ती म्हणाली. “लक्ष्मी चढू शकते, तर मी उतरू शकते.”

“आलीस एकदाची?” जेठीमा म्हणाल्या. “मला वाटलं, वरच्या मजल्याचा गर्व झालाय तुला!” मग माझ्याकडे वळून, “तोंडातला कागद काढ आणि नारळाचा लाडू घाल.” कागद त्यांनी न वाचताच घडी करून डुगडुगत्या चौरंगाखाली सरकवला. चौरंग आता अजिबात हलत नाही.

आई अजून वर आलेली नाही. सकाळी दोघी अंगणात फुलं वेचत होत्या. मी जिन्यात उभा राहून कितीतरी वेळ बघत होतो.

तुमचा प्रणत,
टुकाई

ता.क. तुमच्याकडे ठेवलेला आईचा पलंग पाठवून द्यावा. तो तळमजल्यावर, जेठीमांच्या खोलीत, प्राजक्ताच्या खिडकीशी लागेल. जागा त्यांनी झाडून ठेवली आहे. वकीलसाहेबांना तुम्हीच समजवावं.

पुन्हा ता.क. दोन हिवाळ्यांची गोष्ट आईने जेठीमांना सांगून टाकली. त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. सकाळपासून तीनदा विचारून झालं, तुझ्या मेजोमामाचं वय काय, खोकला थांबला का, आणि त्यांचा तळमजला हवेशीर आहे ना? तरी प्रकृतीमान सविस्तर कळवावं.