खंड्याची सारवलेली जागा

वन्सं,

घमेल्यात थोडं शेण उरलं आहे. शिळी भाकरी शिंक्यावर आहे. पोफळीखाली हातभर जागा सारवली आहे. माझं ताट-वाटी उकळून वेगळं ठेवलं आहे.

तुम्ही देवळातून याल तेव्हा आम्ही मांडव्याच्या बंदराच्या वाटेला लागलेलो असू, म्हणून लिहिते.

"पुन्हा ओटी घाण झाली तर कुत्रं मचव्यावर चढवून देईन," असं मामंजी परवा म्हणाले. पण खंड्याला मारू नका. चूक आपलीच होती. तो गोठ्यात जन्मला, म्हणून शेणाचा वास आला की तीच आपली जागा, असं त्याला वाटतं. त्यानं घाण केली की आपण तिथंच पुन्हा सारवतो आणि पोर पुन्हा तिथंच येतं!

ओटीचा तो कोपरा आता नुसत्या पाण्यानं धुवा. खाणं झालं की त्याला लगेच पोफळीखाली न्या आणि शहाण्यासारखा वागला तर भाकरीचा तुकडा द्या. परवापासून एकदाही चुकला नाही.

मुंबईचे डॉक्टर माझी छाती तपासून मला ठेवून घेतील, असं ह्यांना वाटतं. मी परत येईन तेव्हा खंड्या इथं असू द्या. हल्ली माझ्या खोलीचा उंबरा तोच तेवढा ओलांडतो.

तुमची,
दुर्गा

ता. क. गोठ्यातून भिजून आला त्या दिवशी मामंजींनीच त्याला आपल्या सोवळ्याच्या धाबळीनं पुसलं होतं.