फिक्शन म्हणजे काय?

मंगळवार, ब्रह्मपुरी

अकरावीला 'फिक्शन', 'पोएट्री' असे इंग्रजी शब्द शिकवून मनाला येईल ते एकेक पान लिहायला सांगितलं होतं. रोशनीनं लिहिलं, मोहफुलं वेचताना वाघानं आईला नेलं, मागं एक चप्पल तेवढी राहिली. मी शेरा दिला, 'गुड फिक्शन'. 'चप्पल' या शब्दाखाली कौतुकाची रेघसुद्धा ओढली.

आज वर्ग सुटल्यावर ती आली.

"बाई, फिक्शन म्हणजे मनानं रचलेलं न जी?"

"हो."

"मंग हे फिक्शन नाई. मी तिथीच होती."

ती चप्पल! आणि मी तिच्याखाली रेघ ओढली. कशी ओढली? वही मागून घेतली, शेरा खोडला.

"मंग याले इंग्रजीत काय म्हणतेत?" तिनं विचारलं.

वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. 'नॉन-फिक्शन' हा शब्द माहीत आहे, पण तो त्या चपलेखाली लिहवेना.