शंभरला बंद पडतो

६ मे

९१! आंघोळीला गेले तेव्हा ८४ होता, केस पुसत आले तर ९१. अवनीने कंप्युटरच्या कोपऱ्यात तो तापमानाचा आकडा लावून ठेवलाय आणि मला अन्न गोड लागेनासं झालंय. प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू म्हणे. "शंभरला आपला आपण बंद पडतो, आई. मग सगळं पहिल्यापासून." आणि ही बया शांतपणे चहात खारी बुडवतेय!

तिची कार्टून फिल्म त्यात रात्रंदिवस तयार होतेय, ती सोमवारी कंपनीत पोचायला हवी. पोचली तर घरूनच काम करू देणार, नाहीतर पुण्याला हजर व्हा. दिवाळीपासून पोर घरात आहे. जेवताना कुणीतरी बोलतं तरी. मला नाही पाठवायची तिला.

७ मे

९३. क्रोशाचं कव्हर काढलं. अवनी किंचाळलीच — "चालू असताना पण घालत होतीस?" मग? खारा वारा येतो, धूळ येते!

८ मे

९५. पंखा लावला तर हे धावत आले. "बंद कर! अढीला वारा लागला तर आंबे सुरकुततील." मधल्या खोलीत वारा येत नाही म्हणून आंबे तिथेच पिकत घालायचे. यंदा आंबा जास्त, अढी पार कंप्युटरच्या टेबलाखाली शिरलीय. विचारलं, आंबा मोठा की मुलगी? तर म्हणतात, "आंब्याला गिऱ्हाईक थांबलंय. मुलगी आहेच की."

आहेच की! जेवणापर्यंत बोलले नाही त्यांच्याशी.

९ मे

९६. पुळ्याच्या गणपतीला नारळ बोलले.

१० मे

सकाळी ९७. रडूच आलं. जेवणाला आंबे काढायला टेबलाखाली वाकले, पेंढ्यात हात घातला — अगंबाई! भाकरीच्या टोपलीत घातल्यासारखं ऊन. आंबा पिकताना अढी तापते हे मला परकरात असल्यापासून ठाऊक. रोज हात घालून ऊब बघतेच की! आणि तीच शेगडी आम्ही कंप्युटरच्या बुडाशी लावली होती. आतल्या पंख्यात पेंढ्याची कुसं अडकलेली, ती वेगळीच.

अवनी कपाळाला हात लावून खाली बसली आणि हसत सुटली. ह्यांना बोलावलं. त्यांनीही हात घालून बघितला. मग स्वतःच पेंढा बाहेर ओढायला लागले.

११ मे

७२! खिडक्या उघड्या, पंखा फुल्ल. दोन वेळा भात घेतला.

१२ मे

गेली फिल्म! वेळेच्या आधी. उद्या पुळ्याला जाऊन नारळ फोडून येते. देवा, राखलीस रे पोर घरात.

१५ मे

काम फारच आवडलं म्हणे त्यांना. अवनीला बढती — हाताखाली सहा जणं, पण पुण्यात. तिचा चेहरा बघितला आणि "जा" म्हटलं. हे तिच्यासाठी आंब्यांची पेटी भरताहेत. कंप्युटर ४१.