कमान हवी की आडोसा

९ जुलै १९९८

आषाढी पौर्णिमा. वर्षावास सुरू. आता तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. विहार म्हणजे प्लॉटवरची पत्र्याची शेड — पण कमिटी एकदम पक्की! अध्यक्ष महिपतीकाका, सेक्रेटरी आमचे हे. कमिटी खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. धम्मात समता आहे, खुर्च्याच तेवढ्या कमी पडतात.

आणखी एक आनंदाची बातमी. वस्तीमागच्या कंपनीने आपल्या भिंतीवर भलामोठा हॅलोजन बसवला. चोरांसाठी म्हणे. भिंतीलगतचं रान रात्रभर लख्ख! वस्तीतल्या बायकांनी आता परसाकडला कुठे जायचं, ते काही कंपनीने कळवलेलं नाही.

१२ जुलै

कमिटीची मीटिंग. मी आणि इंदुबाईंनी संडासाचा विषय काढला. महिपतीकाकांनी कानांवर हात ठेवले. "भगवंतांसमोर असले विषय?" मी मूर्तीकडे पाहिलं. भगवंत नेहमीसारखेच शांत होते. लाज फक्त काकांना वाटली.

मग मुख्य विषय — कमान! चंदरशेठ वस्तीच्या तोंडाशी कमान बांधून देणार. चंदरशेठ म्हणजे आमच्या नगरसेविकेचे मिस्टर. निवडून बाई आल्या, बोलतात चंदरशेठ. बाईंचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. कमानीवर काय लिहायचं यावर एक तास चर्चा. आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी सगळं सुवाच्य अक्षरात टिपून घेतलं.

२० जुलै

उत्पला दुपारनंतर पाणी पीत नाही. सातवीतली पोर! विचारलं तर म्हणाली, "तहानच लागत नाही." माझीच लेक आणि मलाच थापा. पहाटे सासूबाई तिला नाल्यापलीकडे घेऊन जातात, झाडांमागे. सासूबाईंचे गुडघे हे असे सुजलेले. चहा उकळत ठेवला आणि रडून घेतलं.

२७ जुलै

नगरपालिकेत गेलो, दहा-बारा जणी. साहेब मीटिंगमध्ये. हे तिथेच जन्म-मृत्यूच्या खिडकीत कारकून. मला पाहिलं आणि असे खाली वाकले की जणू पेन हरवलं!

घरी आल्यावर — "अगं, माझी नोकरी आहे तिथं. मोर्चे काढायचे तर सांगून काढ."

बरं. सांगून काढू.

१० ऑगस्ट

मोर्चा काढलाच नाही! मोर्चाला परवानगी लागते. वंदनेला लागत नाही.

पांढऱ्या साड्या नेसून नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसलो. मेणबत्त्या, अगरबत्त्या. त्रिसरण, पंचशील, सगळं सावकाश. हवालदार दांडका आपटत आला, हात जोडलेले पाहून त्याने टोपी काढली. मुख्याधिकारी स्वतः बाहेर आले. वंदना चालू असताना बोलणार कसे? तेही हात जोडून उभे. त्यांनी तोंड उघडलं की इंदुबाई पुढची गाथा सुरू करायच्या. इतक्या गाथा त्यांना येतात हे मलाही माहीत नव्हतं!

शेवटी घाम पुसत म्हणाले, "ताई, संडास मंजूर करतो. जागा दाखवा."

आम्ही जिंकलो. खिडकीतून एक कारकून सारखा डोकावत होता. ओळख दाखवली नाही.

१४ ऑगस्ट

इंजिनिअर येऊन गेले. वस्तीत मोकळी जागा एकच — विहाराचा प्लॉट.

ह्यांनी नऊ वर्षं खेटे घालून तो मिळवलाय. सुट्ट्या त्यात गेल्या, चपला झिजल्या. पक्क्या विहाराच्या पायाभरणीसाठी घणसुद्धा आणून ठेवलाय, पलंगाखाली. आता हे माझ्याशी बोलत नाहीत. "उत्पला, आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे." उत्पला सांगते. मी उत्पलाला सांगते, मीठ डब्यात आहे.

वाईट वाटतं. पण सांगणार कुणाला? बोलणं बंद आहे ना.

६ सप्टेंबर

पौर्णिमा. उल्हासनगरहून भन्ते आले, त्यांच्यासमोर प्लॉटचा निकाल. महिपतीकाकांनी विहाराच्या पावित्र्यावर दणदणीत भाषण केलं. खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग सासूबाई उठल्या. सभेत आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. शेडच्या जोत्याची पहिली वीट यांनीच डोक्यावरून आणलेली, त्यामुळे काकांना वाटलं, आपल्याच बाजूच्या.

"भगवान झाडाखाली बसला, त्येला ज्ञान झालं. माज्या नातीनं झाडामागं किती दिस जायाचं?"

 भन्त्यांनी हात जोडले. "साधु."

आणि सवयीप्रमाणे अख्खी शेड गरजली — साधु! साधु! साधु! त्यात महिपतीकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा, नेहमीसारखा. तिसऱ्या साधुनंतर त्यांच्या लक्षात आलं आपण काय मंजूर केलं ते. तोवर भन्ते चहाला बसले होते.

ओठ हलले नाहीत ते फक्त ह्यांचे.

५ ऑक्टोबर

वर्षावास संपला. शेड उतरवली. मूर्ती आमच्या घरी, कपाटावर. हे रोज सकाळी पुसतात. माझ्याशी नाही, पण भगवंतांशी बोलतात बहुतेक.

२० डिसेंबर

संडास तयार! टाइल्स, पाण्याची टाकी, बायकांसाठी वेगळा दरवाजा. आणि दरवाजावर कुलूप.

चावी चंदरशेठकडे. उद्घाटन मंत्रीमहोदयांच्या शुभहस्ते, त्यांची तारीख मिळाली की. तोपर्यंत कुणी वापरायचा नाही. समोर कमानही उभी राहिलीय. तिला कुलूप नाही.

३ जानेवारी १९९९

तारीख मिळालेली नाही. मंत्र्यांना म्हणे सवड नाही. आम्हाला काय, घाई कसली!

१० जानेवारी

चंदरशेठच्या घरी गेलो. "इतकी वर्षं थांबलात ना? मग पंधरा दिवस काय जड आहेत?" बाई आतून चहा घेऊन आल्या. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांच्या घरात संडास आहे. तरी मला त्यांची कीव आली.

१७ जानेवारी

सासूबाई पडल्या. पहाटे, नाल्याच्या उतारावर. उत्पला ओरडत आली. साडी घाण झालेली, पाय सुजलेला. त्या बंद दरवाजासमोरूनच पुढे गेल्या होत्या दोघी. घरात घेताना मला म्हणाल्या, "बबनला सांगू नगं."

बबन म्हणजे हे. दारातच उभे होते.  मी बोलले, तोंडाला येईल ते. सेक्रेटरी म्हटलं, कारकून म्हटलं, कमानीचे भालदार म्हटलं. ह्यांनी मूर्तीकडे तोंड करून ऐकून घेतलं.

१८ जानेवारी

सकाळी पलंगाखालचा घण नव्हता.

धावत गेले. कुलूप तुटून पडलेलं, सगळी वस्ती जमलेली. ह्यांनी आईला पाठीवर घेऊन आत नेऊन सोडलं आणि बाहेर दाराकडे पाठ करून उभे राहिले, ऑफिसच्या कपड्यांत. "जा," मला म्हणाले. "उत्पलालाही बोलाव. मी आहे इथं."