सहावं पाणी

४ एप्रिल १९८३, लातूर
भोकरहून सकाळच्या एसटीनं आलो. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नाही, पण गावाचा तोरा वाढलाय. जिकडं बघावं तिकडं कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून राहिले. पाशामियाँचं गंजगोलाईच्या बाजारात जुन्या विलायती कपड्यांचं दुकान. त्यांनी मागच्या गल्लीत खोली दिली, पाण्याचा पिंप दिला, वर म्हणाले, "साहेबराव, तुमच्या नाकाची कीर्ती भोकरहून इथवर आली." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

त्यांच्या गाठोड्यांत दीडशे लोकरी चड्ड्या निघाल्यात. तिकडच्या बाया तान्ह्या लेकराच्या लंगोटावरून त्या घालतात, ओल बाहेर येऊ नये म्हणून. माल अव्वल, पण मुताचा वास असा मुरलेला की गिऱ्हाईक पायरीवरूनच माघारी फिरतं. नव्या साहेबलोकांच्या घरी पावसाळ्याआधी त्या खपायला हव्यात. दोन धोब्यांनी हात टेकले. कपड्यातला वास काढणं हाच माझा धंदा, मी टेकत नसतो.

७ एप्रिल
ही रीत मला कुणी शिकवली नाही. गरम पाणी वर्ज्य, लोकर आटते. पहिलं पाणी साधं. दुसऱ्यात रिठा. तिसऱ्यात विसळायचं. चौथ्यात उसाचा आंबट शिरका, दोन तास. पाचवं, सहावं नुसतं खळबळायला. पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं, सावलीत वाळवायचं. वास सहाव्या पाण्यातच जातो. सातवं माझ्या समाधानासाठी.

टँकर एक दिवसाआड येतो. शेजारी चांगुणा राहते, रस्त्याच्या कामावर खडी फोडते. नवरा ऊसतोडीला गेला तो परतलाच नाही. पदरात पाच महिन्यांची पोरगी. म्हणाली, "मामा, तुमच्या चड्ड्या आमच्यापरीस जास्त आंघोळी करून राहिल्या." मीही हसलो.

११ एप्रिल
ऐंशी चड्ड्या झाल्या. आज टँकर आला नाही.

दुपारी चांगुणा आली. पोरीला हगवण लागलीय. दवाखान्यातल्या बाईंनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं, आणि घरात थेंब नाही. माझ्या पिंपात एकच घागर उरली होती, सातव्या पाण्यासाठी राखलेली. मग तिला सहावं पाणी दिलं. काचेसारखं होतं. कशाचं ते सांगितलं नाही. ती घुटमळली तेव्हा म्हणालो, नाक लावून बघ. वास आला नाही. "तुमी म्हणता म्हंजी चांगलंच असंल, मामा," म्हणाली. उकळून घे म्हणायचं राहिलं. पण जे माझ्या नाकाला कळत नाही ते पाण्यात नसतंच.

१३ एप्रिल
पोरगी सकाळी गेली. चार माणसं जाऊन पुरून आलो.

परत आल्यावर चांगुणा माझ्या अंगणात शिरली. ओळीनं मांडलेल्या घमेल्यांत एकेक बोट बुडवून बघत गेली. सहाव्यापाशी थांबली. ते बोट नाकाशी नेलं आणि निघून गेली.

१६ एप्रिल
ती पोरीचं दुपटं घेऊन आली. "मामा, ह्याचा वास काढून द्या. मला झोप न्हाई." नाही कसं म्हणणार? सातही पाणी केली. वास जात नाही. आंबलेल्या दुधाचा. दोन दिवस दे म्हणालो. "घ्या की. मला आता कसली घाई हाय?"

१८ एप्रिल
तो वास चड्ड्यांना लागला. वाळवून ठेवलेल्या ऐंशीच्या ऐंशी ओल्या. बाहेर दगड तापलाय, आणि या ओल्या. हात लावला तर कोमट — आताच कुणी अंगातून काढल्यासारख्या.

१९ एप्रिल
पाशामियाँ नाकाला रुमाल लावूनच आले. म्हणाले, वास मालाला नाही, साहेबराव, तुमच्या अंगाला येऊन राहिला. टँकरवरून माझा पिंप भरून देणं त्यांनी बंद केलं.

२० एप्रिल
मलाच हगवण. जीभ लाकूड झाली. जेवढा मी आटतो तेवढ्या त्या ठिबकतात. माझीच ओल. लोकरीचा धर्मच तो, शोषून घ्यायची, बाहेर सोडायची नाही — पण या सोडतात. दारासमोर. मला दिसेल अशी.

२१ एप्रिल
वारा नाही. दोरीवर चड्ड्या फुगल्यात, आत मांड्या असाव्यात तशा. लाथा —

चांगुणाला हाका मारल्या. सगळं कबूल केलं, पाया पडतो म्हणालो. म्हणाली, "माझी पोर बी हाकाच मारत व्हती मामा. तिला बोलता येत न्हवतं, एवढंच."

२२
चांगुणा दारात. हातात तांब्या. कुठलं पाणी, विचारलं. सांगत नाही. नाक लावून बघा म्हणते.

लावलं. काहीच नाही — शिरक्याचा नाही, लोकरीचा — माझ्या स्वतःच्या अंगाचासुद्धा वास —

पाणी काचेसारखं. तहान —

ती बसून राहिली. मांडीवर माझ्या दोरीवरून काढलेलं दुपटं, कोरडं ठक्क. घ्या की मामा, म्हणते. घ्या —

ठिबकणं थांबलं. सगळ्यांचं, एकदम. दोरीवरून सगळ्या माझ्याकडं — तांब्या तोंडाला लावला, आणि पोटात काहीतरी लाथा